सुगम्यतेच्या संशोधनासाठी सरकारी निधी मागताना : आधी खर्चाचा तक्ता मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले दोन प्राध्यापक आणि दृष्टिहीनांसोबत काम करणारी एक संस्था यांना मिळून संशोधन करायचं आहे. सरकारी संकेतस्थळांवरचे मराठी अर्ज आणि पीडीएफ स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) धड वाचता येत नाहीत, त्यावर काहीतरी ठोस करायचं आहे. केंद्र सरकारकडे संशोधन निधी मागण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. कुठे अर्ज करायचा, किती पैसे मागायचे आणि प्रस्तावात काय असलं की तो पुढे सरकतो, असं त्यांनी विचारलं आहे.

मी अशा प्रकल्पांवर प्रमुख संशोधक म्हणून काम केलं आहे आणि प्रस्ताव तपासणाऱ्यांच्या बाजूलाही बसले आहे. दोन्हीकडून दिसलेली एक गोष्ट आधी सांगते. सरावलेला परीक्षक सारांश वाचतो आणि तिथून थेट बजेटच्या पानावर जातो. उद्दिष्टांमध्ये ‘दिव्यांग व्यक्तींच्या सक्रिय सहभागातून’ असं लिहायला काही लागत नाही. बजेटमध्ये मात्र त्या सहभागासाठी ओळ असते किंवा नसते. संगणक, सर्व्हर, दोन रिसर्च फेलो, एक परिषद आणि कंटिंजन्सी (किरकोळ, आयत्या वेळचा खर्च) एवढंच तिथे असेल, तर हे लोक प्रयोगशाळेत बसून काहीतरी बनवणार आणि शेवटच्या तिमाहीत ओळखीच्या चारपाच जणांना दाखवणार, हे परीक्षकाला तिथेच कळतं. म्हणून प्रस्ताव लिहायला घ्याल तेव्हा खर्चाचा कच्चा तक्ता आधी मांडा आणि बाकीचं लेखन त्यावरून करा.

त्याआधी दार कुठलं ते ठरवावं लागेल. शेवटी तुमच्या हातात काय येणार आहे, यावर ते ठरतं. साधन, सॉफ्टवेअर किंवा एखादी तांत्रिक पद्धत तयार होणार असेल, तर विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘टाइड’ ही योजना सगळ्यात जवळची. दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या तंत्रज्ञानाला पाठबळ देणारी ही योजना विभागाच्या ‘सीड’ या शाखेकडून चालते आणि अर्ज विभागाच्या ई-पीएमएस पोर्टलवर भरायचा असतो. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाची ‘सिपडा’ ही योजना मुख्यतः कायद्याच्या अंमलबजावणीसाठी आहे, पण तिच्या छत्राखाली दिव्यांगत्वाशी संबंधित तंत्रज्ञान आणि उत्पादनांवरच्या संशोधनालाही मदत मिळत आली आहे. भाषा तंत्रज्ञानाचा भाग मोठा असेल तर इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचे कॉल, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिराती, पाहा. लोकांना अडचण नेमकी कुठे येते, किती येते आणि धोरण कुठे कमी पडतं हेच मोजायचं असेल, तर तो समाजशास्त्राचा अभ्यास झाला, त्यासाठी आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. तुमच्यापैकी कुणी कंपनी काढून उत्पादन बाजारात नेणार असेल आणि ते आरोग्याच्या अंगाने जात असेल, तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या संस्थेच्या ‘बिग’ अनुदानातून १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, पण तो वेगळा खेळ आहे. २०२३ च्या कायद्याने आलेल्या आणि जुन्या ‘सर्ब’ला (विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाला) सामावून घेतलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडेही लोक जातात. तिथे तुमची गाठ तुमच्या विद्याशाखेतल्या मूलभूत संशोधनाशी पडेल आणि सुगम्यता हा विषय आहे म्हणून वेगळं झुकतं माप मिळेलच असं नाही.

तुम्ही सांगितलंत त्यावरून मला टाइड किंवा माहिती तंत्रज्ञान मंत्रालय योग्य वाटतं. एकच प्रस्ताव दोन ठिकाणी गुपचूप पाठवू नका. अर्जात आधीचे आणि प्रलंबित प्रस्ताव जाहीर करावे लागतात, आणि या विषयातले परीक्षक मोजकेच असल्यामुळे तेच कागद त्याच माणसाकडे दुसऱ्यांदा येण्याची शक्यता बरीच असते.

आता समस्येची मांडणी. इथे जवळपास प्रत्येक प्रस्ताव ‘२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती आहेत’ या वाक्याने सुरू होतो. आकडा बरोबर आहे, पण त्याने तुमच्या प्रकल्पाबद्दल काहीच कळत नाही. शिवाय ती मोजणी आठ प्रकारांत झाली होती आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, हे परीक्षकाला माहीत असतं. त्यापेक्षा अडथळा दाखवा. मराठी सरकारी पीडीएफ उघडली की काय होतं ते क्रमाने लिहा. पहिली तऱ्हा जुन्या फाँटची: डोळ्यांना पडद्यावर ‘जिल्हाधिकारी कार्यालय’ दिसतं, पण फाइलच्या आत युनिकोड (मराठी अक्षरांचे प्रमाणित संकेत) नसतोच, तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर बिचारा तीच वाचतो आणि ऐकणाऱ्याला तुटक अक्षरं, डॉलर, ब्रॅकेट, बॅकस्लॅश असलं काहीतरी ऐकू येतं. दुसरी तऱ्हा स्कॅन केलेल्या पानाची: ते नुसतं चित्र, त्यामुळे वाचण्यासारखं काहीच नाही. तिसरी तऱ्हा फसवी असते. मजकूर युनिकोडमध्ये असतो, वाचलाही जातो, पण तक्त्याला टॅग (रकाने आणि ओळी ओळखू देणाऱ्या खुणा) नसल्यामुळे आकडे ओळीने कानावर पडतात आणि कुठला आकडा कुठल्या रकान्यातला ते कळायला मार्ग नसतो. ऑनलाइन अर्जांची कथा आणखी वेगळी. रकान्यांना लेबल जोडलेलं नसलं की एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर प्रत्येक ठिकाणी ‘एडिट, ब्लँक’ एवढंच म्हणतो. नाव कुठे, आधार क्रमांक कुठे, हे माणसाने ताडायचं. सगळं भरून शेवटी चित्रातला कॅप्चा आला की शेजारच्याला हाक मारावी लागते.

हे एवढं लिहिलंत तरी परीक्षकाला वाटतं की या मंडळींनी प्रत्यक्ष बसून पाहिलं आहे. पण इथेच दुसरा, जास्त अडचणीचा प्रश्न उभा राहतो. यातलं संशोधन कुठलं? जुन्या फाँटचं युनिकोड करणारी साधनं आहेत. लेबल नसणं ही संशोधनाची समस्या नाही. तो हलगर्जीपणा आहे आणि तो दुरुस्त कसा करायचा ते सगळ्यांना माहीत आहे. संशोधन निधी मागायचा तर जिथे आजचं ज्ञान संपतं तिथून सुरुवात करावी लागते. तुमच्या विषयात ती जागा मला तिसऱ्या तऱ्हेत दिसते: जोडलेल्या रकान्यांचे, दोन भाषांत लिहिलेले, मधूनच पान बदलणारे तक्ते ओळखून त्यांची रचना आपोआप लावणं, आणि अशी रचना लावल्यावर ऐकून वाचणाऱ्याचं काम खरंच सोपं होतं का ते तपासणं. बाकीच्या दोन तऱ्हा पार्श्वभूमी म्हणून येऊ देत. त्यांवर उपाय उपलब्ध आहेत आणि आम्ही तेच वापरणार आहोत, असं सरळ लिहा. जुनं काम मान्य करणाऱ्या प्रस्तावाचं वजन वाढतं.

उद्दिष्ट कसं लिहायचं ते एका उदाहरणाने दाखवते. बहुतेक प्रस्तावांत ते असं असतं: ‘मराठी भाषक दृष्टिहीन व्यक्तींसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित अत्याधुनिक व्यासपीठ विकसित करणे.’ यात काय बनणार, कशाशी तुलना होणार आणि काम झालं की नाही हे कसं ठरणार, याचा पत्ता नाही. मी ते असं लिहीन: ‘सरकारी संकेतस्थळांवरून निवडलेल्या ५०० मराठी पीडीएफमधल्या तक्त्यांची रचना ओळखून त्यांना टॅग लावणारी पद्धत तयार करणे, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या ३० व्यक्तींना त्या तक्त्यांतली ठरावीक माहिती कुणाच्या मदतीशिवाय किती वेळात आणि किती अचूक सापडते, हे मूळ पीडीएफशी तुलना करून मोजणे.’ वाक्य लांब झालं आहे, असू दे. त्यातले आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे आकडे का निवडले ते पद्धतीच्या भागात सांगावं लागेल. पण एकदा ‘३० व्यक्ती’ असं लिहिलंत की पुढचा सगळा हिशोब आपोआप समोर येतो. तीन फेऱ्या केल्या तर ९० सत्रं. प्रत्येक सत्राला सहभागीचं मानधन, त्याचा प्रवास, सोबत कुणी येत असेल तर त्याचाही प्रवास, सत्र घेणारा एक आणि नोंद करणारा एक. त्या ९० सत्रांची ध्वनिमुद्रणं उतरवून काढायला लागणारा वेळ वेगळा. ही ओळ बजेटमध्ये असेल तर उद्दिष्टावर विश्वास बसतो.

सहभागींवरच्या खर्चासाठी छापील नमुन्यात अनेकदा स्वतंत्र हेड (खर्चाचं शीर्षक) नसतं. लोक तो कंटिंजन्सीत ढकलतात आणि मग पहिल्या सहा महिन्यांत कंटिंजन्सी संपते. त्यापेक्षा ‘इतर खर्च’ या हेडखाली ‘वापरकर्त्यांसोबतच्या चाचण्या’ अशी वेगळी नोंद करा आणि खाली गुणाकार दाखवा: माणसं गुणिले सत्रं गुणिले दर. सोबत्याचा प्रवास ‘ऐच्छिक’ म्हणून कापला जातो, म्हणून त्याचं एका वाक्यात समर्थन द्या. कर्णबधिर किंवा बहिरे-अंध सहभागी असतील तर सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचं मानधन आणि ब्रेल छपाई हेही इथेच येतं. मानधन किती असावं यावर एथिक्स कमिटीचं म्हणणं असतं. वेळेचा आणि येण्याजाण्याचा योग्य मोबदला असावा, आमिष वाटेल इतका नसावा. संस्थेतले लोक ‘आपलेच’ आहेत म्हणून फुकट बोलावू नका. तो माणूस अर्धा दिवस आपलं कौशल्य तुम्हाला देत असतो.

मनुष्यबळाचा भाग सोपा वाटतो, पण त्यात एक गाठ आहे. जेआरएफचं (कनिष्ठ रिसर्च फेलोचं) विद्यावेतन केंद्राने २०२३ मध्ये दरमहा ३७,००० रुपये केलं, त्यावर शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता. म्हणजे एका जेआरएफचे दोन वर्षांचे भत्त्याशिवाय ८ लाख ८८ हजार होतात. तिसऱ्या वर्षी एसआरएफ (वरिष्ठ फेलो) झाल्यावर दरमहा ४२,०००. हे सगळेच लावतात. गाठ अशी की जेआरएफला नेट किंवा गेटसारखी पात्रता लागते. तुमच्या संस्थेत दहा वर्षं स्क्रीन रीडर शिकवणारा, रोज शेकडो संकेतस्थळं कानाने चाळणारा जो माणूस आहे, त्याच्याकडे ती बहुधा नसेल. त्याला कुठे बसवणार? प्रस्तावातच त्याच्यासाठी प्रकल्प सहायकाचं किंवा तज्ज्ञ सल्लागाराचं पद मागा, आणि अनुभव हीच पात्रता का धरायची ते लिहा. मंजुरीनंतर असं पद घुसवणं फार अवघड जातं. त्याला कामासाठी ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर बोटांनी वाचू देणारं उपकरण) लागत असेल तर तो उपकरणांत घाला. एनव्हीडीए मोफत आहे, जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरचा परवाना विकत घ्यावा लागतो. चाचण्या दोन्हींवर आणि फोनवरच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरवर करायच्या असतील तर त्याचाही खर्च धरा.

उपकरणांबद्दल थोडक्यात: ताजी क्वोटेशन जोडा, जीएसटी धरून. महाविद्यालयात आधीच काय आहे ते प्रामाणिकपणे लिहा. सुगम्यतेच्या प्रकल्पात महागड्या सर्व्हरने निम्मं बजेट खाल्लं असेल, तर विभागाला यंत्र हवं होतं आणि विषय नंतर शोधला, अशी शंका येते. आणि बऱ्याचदा ती खरी असते.

अर्जदार कोण, हाही निधीचाच प्रश्न आहे. तुमच्या बाबतीत महाविद्यालय यजमान आणि संस्था सहभागी, ही रचना सोयीची. पण संस्थेला केवळ पाठिंब्याच्या पत्रापुरती ठेवू नका. तिच्यातली एक व्यक्ती सह-संशोधक असू दे आणि संस्थेचं स्वतंत्र बजेट दाखवा. त्यासाठी संस्थेची कागदपत्रं आत्ताच तपासा: नोंदणी, एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, पीएफएमएस या सरकारी निधी-व्यवहाराच्या यंत्रणेतली नोंदणी. यातलं एखादं अपुरं निघालं तर कॉलच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ होते आणि मग घाईघाईने संस्थेचं नाव बजेटमधून काढून टाकलं जातं. महाविद्यालयाच्या बाजूने प्राचार्यांचं एंडॉर्समेंट सर्टिफिकेट लागतं. त्यात नुसती सही नसते. जागा, वीज, हिशोब ठेवण्याची यंत्रणा देऊ, आणि प्रमुख संशोधक सोडून गेला तरी प्रकल्प पुढे नेऊ, असं वचन महाविद्यालय देतं. लेखा विभागातल्या माणसाला प्रस्ताव पाठवण्याआधी एकदा भेटा. पुढची दोनतीन वर्षं त्याच्याशी गाठ आहे.

भागीदारी कशी असावी याचा दाखला हवा असेल तर ‘स्मार्टकेन’ पाहा. पांढरी काठी गुडघ्याखालचे अडथळे सांगते. लोंबती फांदी, उघडी खिडकी, ट्रकचा मागचा भाग सांगत नाही. ही गरज एका वाक्यात मांडता येते, आणि तिथेच त्या प्रकल्पाची ताकद होती. आयआयटी दिल्लीने तंत्र विकसित केलं, ‘सक्षम’ ही दृष्टिहीनांसाठी काम करणारी संस्था चाचण्यांत आणि पुढच्या प्रसारात होती, चेन्नईची फिनिक्स मेडिकल सिस्टिम्स ही कंपनी उत्पादनाला होती, आणि २०१४ मध्ये काठी लोकांच्या हातात आली. त्यात वेलकम ट्रस्टचा पैसा होता, म्हणजे तो निधी सरकारी नव्हे, पण रचना शिकण्यासारखी आहे. बनवणारा, वापरणाऱ्यांच्या बाजूने बोलणारा आणि पुढे नेणारा असे तिघेही त्यात आहेत. तुमच्या प्रस्तावात तिसरा कोण? पीडीएफ ज्या खात्यांतून निघतात त्यांपैकी एखादं खातं किंवा जिल्हा कार्यालय पत्र द्यायला तयार असेल, तर ते मिळवा. ‘आम्ही आमच्या फाइली देऊ आणि तुमची पद्धत वापरून पाहू’ एवढ्या दोन ओळी पुरेत.

कायद्याचा आधार द्या, पण मोजका. २०१६ च्या कायद्याचं कलम २८ सरकारवर संशोधनाची जबाबदारी टाकतं आणि कलम ४२ माहिती-संचार तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेबद्दल आहे. याच सुगम्यतेचं भारतीय मानक आयएस १७८०२ दोन भागांत, २०२१ आणि २०२२ मध्ये आलं. सरकारी संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती आहे. तुमची पद्धत यांतल्या कुठल्या अटी पूर्ण करायला मदत करते ते सांगा. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांतला १५(१) हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक करायला सांगितलं. त्या प्रकरणात हैदराबादच्या नालसार विद्यापीठातल्या दिव्यांगत्व अभ्यास केंद्राने केलेला अभ्यास न्यायालयापुढे होता. ‘अहवाल कोण वाचतो’ असं विचारणाऱ्यांना हे सांगता येतं. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल केवायसीच्या निमित्ताने न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं राज्यघटनेच्या कलम २१ शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडलं. तुमच्या विषयाला हा निकाल थेट लागू पडतो. मात्र निकालांचे उतारे चिकटवून दोन पानं भरू नका. तज्ज्ञ समितीत वकील क्वचित असतात.

२०१६ च्या कायद्यातलीच एक तरतूद अनेक संशोधकांच्या नजरेतून सुटते, आणि मी प्रस्ताव तपासताना ती मुद्दाम पाहते. कलम ६ सांगतं की दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर दोन गोष्टी लागतात. एक, तिची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती, तीही तिला सुगम अशा माध्यमातून घेतलेली. दोन, दिव्यांगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगी. या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत दिव्यांग संघटनांचे सदस्य असले पाहिजेत. महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीचं पत्र आवश्यक आहेच आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तिथे आधाराला घेतली जातात, पण ते पत्र म्हणजे कलम ६ ची पूर्तता असं परस्पर धरू नका. तुमच्या चाचण्यांसाठी परवानगी कुणाकडे आणि कशी मागायची, हे योजनेच्या प्रकल्प अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि ते पत्र फाइलमध्ये ठेवा.

संमतीचा भाग तर तुमच्याच विषयाचा आहे. छापील मराठी संमतीपत्रावर अंगठा घेणारा सुगम्यता प्रकल्प मी पाहिला आहे, त्यावर काय बोलावं! तुमचं संमतीपत्र युनिकोडमध्ये, स्क्रीन रीडरने वाचता येईल असं, ब्रेलमध्ये आणि वाचून दाखवलेल्या ध्वनिमुद्रणात असू दे, आणि त्या तिन्ही रूपांचा खर्च बजेटमध्ये. सहभागी बौद्धिक दिव्यांग असतील आणि कायदेशीर पालक नेमलेला असेल, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्या पालकाची पडताळणी करता येईल अशी संमती मागतो. आवाजाची मुद्रणं किती काळ ठेवणार, कोण ऐकणार, प्रकल्प संपल्यावर त्यांचं काय करणार, हे चार ओळींत लिहा. मुद्रणं पुढे इतर संशोधकांना द्यायची असतील तर त्याची संमती आत्ताच वेगळी घ्या. नंतर ९० सत्रांच्या माणसांना पुन्हा शोधत बसणं होत नाही.

वेळापत्रकाबद्दल लोक फार आशावादी असतात. कॉल निघाल्यापासून पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत वर्ष उलटू शकतं. सँक्शन ऑर्डर आली तरी भरती व्हायला दोनतीन महिने जातात. म्हणून पहिल्या तिमाहीत चाचण्या लावू नका. तिथे फाइली गोळा करणं, परवानग्या आणि संमतीपत्रांची रूपं ठेवा. वापरकर्त्यांची पहिली फेरी मात्र पहिल्या वर्षातच हवी. ती दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दिसली की परीक्षक पुन्हा बजेटकडे वळतो आणि विचारतो: त्या फेरीत लोकांनी ‘हे नको’ म्हटलं तर बदलायला वेळ आणि पैसे कुठे ठेवलेत? तांत्रिक तयारीचा स्तर, ज्याला सगळे टीआरएल म्हणतात, तो नऊ पायऱ्यांचा असतो. तुम्ही तिसरीवर असाल तर तिसरीच लिहा आणि पाचवी-सहावीपर्यंत नेऊ म्हणा. तीन वर्षांत नववीला पोहोचण्याचं आश्वासन कुणालाही खरं वाटत नाही.

छाननीतून पुढे गेलात तर समितीसमोर मांडणी करायला बोलावतील. हातात थोडी मिनिटं असतात. देशाची आकडेवारी, दिव्यांगत्वाची व्याख्या यांत ती घालवू नका. थेट एक सरकारी पीडीएफ लावा आणि स्क्रीन रीडर ती कशी वाचतो ते वीस सेकंद ऐकवा. मग तोच तक्ता तुमच्या प्राथमिक पद्धतीने टॅग करून ऐकवा. एवढं प्राथमिक काम निधीशिवाय करता येतं आणि केलेलं असावं. दृष्टिहीन सह-संशोधक बोलणार असेल तर त्यालाच हे दाखवू दे; बैठकीचा दुवा कसा चालतो, स्लाइड कोण बदलणार, हे अधिकाऱ्याला आधी कळवा. हमखास येणारे प्रश्न म्हणजे आधीच असलेल्या साधनांपेक्षा वेगळं काय, प्रकल्प संपल्यावर हे कोण चालवणार, आणि बजेट एक चतुर्थांश कापलं तर काय सोडाल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरून ठरवून जा. परिषदेचा प्रवास सोडा, सर्व्हर लहान करा, एक फेलो कमी करा. सत्रांची संख्या कमी करायला पटकन तयार झालात तर तुमच्या उद्दिष्टाचा दुसरा भागच गेला, आणि समितीतला एखादा सदस्य तेच तपासण्यासाठी हा प्रश्न विचारत असतो.

पैसे आल्यावरची शिस्त जीएफआर २०१७ या केंद्राच्या वित्तीय नियमांनी ठरवलेली आहे. रक्कम हप्त्यांनी येते, भांडवली आणि इतर खर्चासाठी वेगवेगळ्या हेडखाली येते, आणि एका हेडचे पैसे दुसऱ्यात वळवायचे तर आधी परवानगी लागते. वर्षाचा खर्च फॉर्म १२-ए मधल्या युटिलायझेशन सर्टिफिकेटने दाखवायचा. नियम आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुभा देतो, पण पुढचा हप्ता त्यावर अडलेला असतो, तेव्हा एप्रिलमध्येच कामाला लागा. अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याज तुमचं नसतं, ते भारताच्या संचित निधीत परत जातं. सहभागींच्या मानधनाची पावती हा इथला नेहमीचा अडसर. लेखापरीक्षक सही मागतो आणि सही करणं सहभागीला जमतंच असं नाही. थेट बँक खात्यात रक्कम भरा आणि नोंदवहीत सत्राचा क्रमांक लिहा. ही पद्धत लेखा विभागाकडून पहिल्या सत्राआधी मान्य करून घ्या.

नाकारला गेला तर परीक्षकांचे शेरे मागा. शेरे मिळतातच असं नाही आणि मिळाले तर कधी दोन ओळींचे असतात, पण त्या दोन ओळीही उपयोगी पडतात. ‘नावीन्य दिसत नाही’ असा शेरा आला तर बहुधा तुम्ही तिन्ही तऱ्हांवर सारखाच भर दिला असेल. ‘व्याप्ती मोठी’ म्हटलं असेल तर ऑनलाइन अर्ज पूर्ण काढून टाका आणि पीडीएफच ठेवा. पुढचा कॉल येईपर्यंत महाविद्यालयाकडून थोडा सीड मनी, म्हणजे सुरुवातीपुरता छोटा निधी, मिळतो का पाहा. आठदहा जणांसोबतची एक फेरी त्यात होते, आणि त्या फेरीचे आकडे दुसऱ्या प्रस्तावात तिसऱ्या पानावर घालता येतात.

आत्ता लगेच करायचं ते एवढंच: संस्थेतल्या तिघांना बोलवा, प्रत्येकाला एकेक सरकारी पीडीएफ द्या, त्यातला एक आकडा शोधायला सांगा आणि शेजारी घड्याळ लावून बसा. मध्ये बोलू नका. बजेटमधला सत्राचा कालावधी त्यावरून ठरवा.